नववा प्लगइन

मोरवा गावच्या त्या बाई मला एकदाच भेटल्या, हाटकेशच्या एका सायबर कॅफेत. मी वेबसाइट बनवायची कामं घेतो. तिथे प्रिंट काढायला गेलो होतो. शेजारच्या कम्प्युटरसमोर पन्नाशीच्या या बाई चष्मा डोक्यावर सरकवून बसल्या होत्या. गावातल्या बायकांची सुकी मासळी त्या स्वतः बनवलेल्या वेबसाइटवरून विकायच्या. सकाळी त्यांनी सगळे प्लगइन, म्हणजे साइटला जोडलेले छोटे प्रोग्राम, एकदम अपडेट केले आणि तेव्हापासून साइटच्या जागी नुसतं पांढरं पान येत होतं.

"मावशी, दोन मिनिटांत करून देतो," म्हणत मी माउसला हात घातला. त्यांनी माझा हात बाजूला केला.

"न्हाय. तू करून जाशील, उद्या परत बंद पडली तर मी कोनाला हाक मारू? तू सांग, मी करते."

मी सांगत गेलो, त्या करत गेल्या. आधी साइटचा बॅकअप घेतला. मग एकेक प्लगइन बंद करायचा आणि साइट उघडून बघायची. दर वेळी त्या प्लगइनचं नाव वहीत लिहून पुढे फुली मारत. नववा, फोटो आपोआप सरकवणारा प्लगइन बंद केला आणि पडद्यावर बोंबील झळकले. मी टाळी वाजवली.

बाईंनी तोच प्लगइन परत चालू केला. पान पुन्हा पांढरं.

"अहो, हे काय केलंत?"

"आता तू गप बस. एकटीला जमतंय का, ते बघू दे."

इतक्या वर्षांत मी कितीतरी साइट दुरुस्त केल्या, पण कुणाला शिकवलं नव्हतं. मी हाताची घडी घातली. त्यांनी चष्मा नाकावर घेतला, वहीत बघून तो नववा प्लगइन स्वतःच बंद केला आणि साइट उघडून दाखवली.