धाकट्या दिराचं नाव

मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. आमच्या भाऊबंदांवरचा राग तर मला जन्मासोबतच मिळाला, आणि तो मी जपून ठेवला.

कळंबच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव आहे. दर पंधरा ऑगस्टला शाळेसमोर एक खुर्ची मांडतात. सगळं गाव उभं असतं आणि त्या खुर्चीत भाऊबंदांच्या घरातलं कोणीतरी बसतं. ध्वजाची दोरीही त्यांच्याच हातात. कारण शाळेच्या भिंतीवर तेलाच्या रंगात लिहिलेलं होतं की बेचाळीसच्या चळवळीत डोंगरात लपलेल्या माणसांना भाकरी पोचवताना त्यांच्या पणजोबांनी प्राण दिले. माझे वडील आयुष्यभर त्या खुर्चीसमोर उभे राहिले. राष्ट्रगीत झालं की खाऊ न घेता घरी यायचे.

खरी गोष्ट अशी, की भाकरी माझे आजोबा न्यायचे. आजी पहाटे तांदळाच्या भाकऱ्या भाजायची, आजोबा त्या फडक्यात बांधून लाकडांच्या मोळीत मधोमध खुपसायचे आणि डोंगरावर चढायचे. मोळी घेऊन माणूस डोंगरातून खाली येतो, वर जात नाही, एवढी साधी गोष्ट त्यांच्या डोक्यात आली नाही. पोलिसांच्या मात्र आली. चौकीत इतकं मारलं की सुटून आल्यावर आठवड्याभरात ते घरीच वारले. वय बावीस. माझे वडील तेव्हा रांगत होते. भाऊबंदांचे पणजोबा, म्हणजे माझ्या आजोबांचे चुलते, त्याच साली हिवतापानं अंथरुणातच वारले.

मग हिवतापाचा हुतात्मा कसा झाला? आणि मोळीसकट धरले गेले म्हणून माझे आजोबा गावाच्या तोंडी लाकूडचोर कसे झाले? शाळेत वडिलांना पोरं ‘चोराचा’ म्हणायची. वडिलांनी शाळा चौथीत सोडली. हे ते कधी बोलले नाहीत, आईनं सांगितलं. आईला आजीनं सांगितलं होतं, अगदी शेवटच्या आजारपणात.

स्वातंत्र्य मिळाल्यावर बऱ्याच वर्षांनी एक साहेब चळवळीतल्या माणसांचे जबाब घ्यायला गावात आला होता. भाकऱ्या आजीनं भाजल्या हे गावाला ठाऊक होतं, म्हणून तिला बोलावलं. साहेबानं विचारलं, भाकरी न्यायचं कोण? आता आमच्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. सासऱ्याचं नाही, थोरल्या दिराचंही नाही. सरकारी माणसानं विचारलं तर शेजारी उभ्या असलेल्या कोणाकडे तरी बघायचं आणि त्यानं नाव सांगायचं, अशी रीत. त्या दिवशी आजीच्या शेजारी तिचा थोरला चुलत दीर उभा होता. आजीनं पदर पुढे ओढून त्याच्याकडे बघितलं. त्यानं नाव सांगितलं, स्वतःच्या बापाचं.

आजीनं ते ऐकलं. खोडून काढायचं तर थोरल्या दिरासमोर तोंड उघडायला हवं होतं, आणि तोंड उघडून नवऱ्याचं नाव घ्यायला हवं होतं. तिनं अंगठा उठवला आणि घरी आली. आईला हे सांगताना ती म्हणाली होती, “माज्याच हातानं पुसलं गं मी त्यांना.” खरं सांगते, मला त्या दिराइतकाच आजीचाही राग आला. एक शब्द, बाई. एकदाच म्हणायचा होता.

लग्नानंतर मी दहिवलीला राहते. शिळफाट्याला माझं झेरॉक्स आणि अर्ज टायपिंगचं दुकान आहे. दिवसभर लोकांचे दाखले, उतारे, प्रतिज्ञापत्रं माझ्या हातून जातात. कागदाचं मला भय नाही. आई गेल्यावर मी आजोबांच्या कागदांच्या मागे लागले. तालुक्याला विचारलं, त्यांनी जिल्ह्याला पाठवलं. अलिबागला किती खेपा घातल्या ते मोजलं नाही. तिथला एक कारकून मला बघितलं की जेवणाचा डबा उघडायचा. मी समोर बसून त्याचं जेवण संपेपर्यंत बघत राहायचे. शेवटी माझ्या नजरेखाली घास उतरेना म्हणून असेल, त्यानं गठ्ठे शोधायला माणूस दिला.

चौकीचं काही सापडलं नाही. सापडला तो आजीचा जबाब. पिवळा कागद, वर तिच्या चुलत सासऱ्याचं नाव, खाली आजीचा अंगठा. चार वर्षं खणून मी माझ्याच विरुद्धचा पुरावा वर काढला होता. नक्कल घेऊन बाहेर आले, एसटी स्टँडवर बसले आणि त्या अंगठ्याच्या रेघा बघत दातओठ खाल्ले.

मागच्या वर्षी शाळेची जुनी भिंत पाडली. तिच्याबरोबर रंगातलं नावही गेलं. ग्रामपंचायतीनं ठरवलं, आता काळ्या दगडावर कोरून नाव लावायचं. मी लगेच हरकतीचा अर्ज टाकला. भाऊबंदांचा नातू, ज्याचं कळंबच्या रस्त्याला फार्महाऊस आहे, तो दुकानात येऊन हसून गेला. “ताई, कशाला उकरतेस? तुज्या आजीचाच अंगठा हाय त्याच्यावर.” त्याला ते ठाऊक होतं. पिढ्यान्पिढ्या ठाऊक होतं आणि तरी ते त्या खुर्चीत बसत होते. त्या हसण्यानं माझं उरलंसुरलं मन घट्ट झालं.

ग्रामसेवक साताऱ्याकडचा, सरळ माणूस. म्हणाला, त्या काळचं कोणी हयात असेल तर त्याचा जबाब घेऊ आणि विषय मिटवू. हयात एकच होती. नातवाची आजी, म्हणजे ज्यानं खोटं नाव सांगितलं त्याची बायको. आम्ही तिला थोरली आजी म्हणतो. नव्वदी ओलांडलेली, डोळे अधू, पण डोकं शाबूत. बेचाळीसला ती लग्न होऊन नुकती त्या घरात आलेली मुलगी होती. तिनं सगळं बघितलेलं होतं.

नातू खूश झाला. माझीच आजी, म्हणाला, घ्या जबाब. मीही कबूल झाले. फक्त एक अट घातली, आणि ती स्वतः टाइप करून दोघांच्या सह्या घेतल्या: दावा दोन्ही घरांचा आहे, म्हणून साक्षीदारानं नाव स्वतःच्या तोंडानं सांगायचं, दोन्ही घरांपैकी कोणीही मध्ये बोलायचं नाही, नाव आलं नाही तर दगड कोराच ठेवायचा. नातवानं न वाचता सही ठोकली. त्याची बायको त्याला नावानं हाक मारते, चारचौघांत खांद्यावर चापट मारून. थोरली आजी सासऱ्याचं नाव घेत नाही, हे तो साफ विसरला होता. मी विसरले नव्हते. शिवाय मी आणखी एक गोष्ट धरून होते. माझे आजोबा तिचे धाकटे चुलत दीर. धाकट्या दिराचं नाव घ्यायला आमच्याकडे आडकाठी नाही.

शाळेच्या पडवीत बैठक भरली. सकाळचे दहा-साडेदहा. वडिलांना मी रिक्षानं आणलं होतं. ते मागे, दाराजवळ टेकून बसले. थोरल्या आजीला नातवानं त्याच खुर्चीत बसवलं. ग्रामसेवकानं मोठ्या आवाजात विचारलं, “आजी, बेचाळीसला डोंगरात भाकरी कोण न्यायचं? नाव सांगा.”

तिनं पदर पुढे घेतला आणि सवयीनं नातवाकडे तोंड वळवलं. नातवानं तोंड उघडलं.

“बोलायचं नाय,” मी म्हटलं. “सही हाय तुझी.”

ग्रामसेवकानं कागद वर केला. नातू थांबला. मग त्याच्या लक्षात आलं. मला तो क्षण अजून चाखायला मिळतो, मनात आणला की. कानापासून खाली रंग उतरत गेला त्याचा.

“आजे, मामंजी म्हण,” तो तरी बोललाच. “मामंजी म्हणून सांग, बास.”

“दगडावर मामंजी कोरायचं का?” मी विचारलं. “गावात मामंजी काय कमी हायत?”

लोक हसले. ग्रामसेवकही म्हणाला, नावच लागेल. थोरली आजी मान खाली घालून बसली. तिची बोटं पदराचा काठ चुरगाळत होती. मला तिची दया आली नाही. माझी आजीही अशीच मान खाली घालून उभी होती, आणि तेव्हा ही घरात होती, हे सगळं हिच्या चुलीपाशी बोललं गेलं होतं. तिच्यापुढे तीनच वाटा होत्या. सत्तर-ऐंशी वर्षं न घेतलेलं सासऱ्याचं नाव गावासमोर घ्यायचं. गप्प बसून दगड कोरा ठेवायचा. नाहीतर खरं बोलायचं.

ग्रामसेवकानं पेनाचं टोपण लावलं.

तेव्हा तिनं मान वर केली आणि माझ्या आजोबांचं नाव घेतलं. हळू नाही, स्वच्छ. घरातल्या धाकट्याला हाक मारावी तसं, नुसतं नाव, पुढे-मागे काही न लावता. मग म्हणाली, “मोळीत घालून न्यायचा. मी बगितलाय. मोळी मीच एकदा बांदू लागले व्हते.”

नातू उठून बाहेर गेला. ग्रामसेवकानं लिहून घेतलं, तिचा अंगठा घेतला. खरेपणा तिच्या मनाला टोचला, की सासऱ्याचं नाव घेण्यापेक्षा घराची अब्रू गेलेली तिला परवडली, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. तिला चांगली म्हणायची माझी तयारी नाही.

मी मागे वळले. वडील दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले होते. त्यांच्या आईनं ते नाव त्यांच्यासमोर कधी उच्चारलं नव्हतं, माझ्या आईला ते सासऱ्याचं म्हणून वर्ज्य. गावानं तर चोर म्हणूनच हाक मारली. घराण्यातल्या जुन्या बाईच्या तोंडून बापाचं नाव ते ब्याऐंशीव्या वर्षी पहिल्यांदा ऐकत होते. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता, मी कधी न ऐकलेला.

“नीट आयकू नाय आलं,” ते मला म्हणाले. “परत घ्यायला लाव तिला.”

त्यांना नीट ऐकू आलं होतं. मी थोरल्या आजीच्या खुर्चीपाशी गेले आणि तिला पुन्हा नाव घ्यायला सांगितलं. तिनं घेतलं. वडिलांनी मान हलवली.

“आनखी एकदा,” ते म्हणाले. “आईसाठी.”