फोनसाठीची नळी

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे बर्फताई म्हणतात. मी मशीनवर बसते, ती मला द्रावण करून देते. त्याची पांढरी पावडर म्हणजे भलती नाजूक. कोरडी आहे तोवर गुणाची. पाण्यात पडली की आपली आपणच फुटायला लागते आणि पाणी पिवळं होतं. खरं तर ती एन्झाइमने फोडायची आणि किती पिवळं झालं ते मी मोजायचं. आधीच फुटली तर मी काय मोजणार, कपाळ? म्हणून पावडर ऐन वेळी विरघळवायची, नळी बर्फात ठेवायची आणि लगबगीने माझ्याकडे आणायची. तेवढ्यात कोणी काही विचारलं की ताईचं एकच उत्तर ठरलेलं, कामात आहे.

तिचा मुलगा जहाजावर असतो. बंदर आलं की फोन करतो, तोही नेमका याच वेळी. उलटा लावावा तर लागत नाही. मागे एकदा तिने फोन वाजू दिला आणि द्रावण वाचवलं. त्यानंतर कित्येक आठवडे त्याचा पत्ता नाही. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बाई गं, द्रावण काय, पुन्हा होईल. ती हळूच म्हणाली, फार आठवण येते गं, आवाजसुद्धा विसरेन की काय असं वाटतं.

दुसऱ्या दिवसापासून ती दोन नळ्यांत पावडर मोजू लागली. एक कामाची, दुसरी कोरडीच, फोनसाठी. फोन आला तर पहिली खुशाल पिवळी होऊ दे, पोटभर बोलायचं आणि मग दुसरी विरघळवायची. लेकाचं पान वाढलंस का, म्हणून मी रोज चिडवायचे. ती हसायची. संध्याकाळी ती नळी तशीच फ्रीजरमध्ये परत जायची.

परवा फोन वाजला. तिने नुकतंच पहिल्या नळीत पाणी घातलं होतं. मी धावत जाऊन दुसरी हातात घेतली आणि तिला बोल म्हणून खूण केली. हात ओले, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला.

"आई, कामात आहेस का?"

"हो रे," ती म्हणाली. मेली सवय, तोंडातून निघूनच गेलं.

"बरं, मग पुढच्या बंदरावरून करतो."

आणि फोन बंद. तिने लावला, पुन्हा पुन्हा लावला. लागला नाही. मग तिने बर्फातली नळी उचलून उजेडात धरली. पाणी अजून स्वच्छ होतं.

"घे," ती म्हणाली, "चांगली आहे अजून."

मी ती मशीनमध्ये लावली. दुसरी माझ्या मुठीतच राहिली होती.