मागच्या बाकावरचे पीटीसर

खाकी हाफपँट, पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी, आणि असा पन्नाशी उलटलेला माणूस गणिताच्या वर्गात मागच्या बाकावर मुकाट बसलेला. लकडगंजच्या आमच्या शाळेत हे नेहमीचं होतं. ते आमचे पीटीसर.

त्याचं असं, की दहावीचा कोर्स कधीच वेळेत पुरा होत नसे, आणि मग सगळ्यांचा डोळा पीटीच्या तासावर. गणिताचे सर तो हक्कानं घ्यायचे. पीटीसरांनी तक्रारी करून पाहिल्या. हेडसर हसून वाटेला लावायचे. शेवटी पीटीसर वर्गातच येऊन बसायला लागले. काय काम काढलं, असं गणिताच्या सरांनी विचारलं, तर म्हणाले, "काम काही नाही. तास माहा आहे. पोरं जिथं, मी तिथं." घंटा होईपर्यंत हलले नाहीत.

आम्हाला हसू यायचं, पण तास बुडाल्याची हळहळही तेवढीच. शेजारच्या आरामशिनीवरून लाकडाच्या भुशाची पोती आम्हीच वाहून आणायचो आणि लांब उडीचा खड्डा भरायचो. वाळू कुठली परवडायला! सर गृहपाठही द्यायचे. विहिरीचं पाणी भरायचं, तेही दोन्ही हातांत बादल्या घेऊन. कोणी टाळाटाळ केली की विचारायचे, "काहून गा, घरी सगळं मायनंच करावं का?"

ते निवृत्त झाले त्या दिवशी टाइमटेबलात पीटी नव्हती. गणिताच्या सरांना राहवलं नाही, त्यांनी आपला तास देऊ केला. "दुसऱ्याचा तास मी घेत नसतो, सर," पीटीसर म्हणाले आणि नेहमीसारखे मागच्या बाकावर जाऊन बसले. गणिताच्या सरांनी अर्धं प्रमेय लिहिलं आणि पुसून टाकलं. पुढे काही शिकवणं झालं नाही. मला फार वाईट वाटलं.

शाळा सुटली. कोणी सांगितलं नव्हतं, पण घरी कोणी गेलंच नाही. मैदानावर आम्ही रांग धरली. शेवटी धोतराचा काचा मारून गणिताचे सरही येऊन उभे राहिले. पीटीसर त्यांच्यापुढे थांबले.

"हा तास कोनाचा, सर?"

"तुमचा."

पीटीसरांचे डोळे भरून आले. रांग उंचीनं लावायची त्यांची रीत. ठेंगण्या गणिताच्या सरांना त्यांनी दंडाला धरून सर्वांत पुढे आणलं. शिट्टी जरा अडखळतच वाजली. पहिली उडी गणिताच्या सरांची पडली, भुशात, बदकन.