कॉम्प्युटर चालू होईना तेव्हा

माझे एक जुने सहकारी वारल्याचं परवा कळलं. परंड्याकडच्या साखर कारखान्यात आम्ही एकाच कचेरीत होतो. कॉम्प्युटर चालू झाला नाही, तरी ते लगेच हात लावत नसत. डोळे मिटून विचारायचे, "काल शेवटी काय केलं व्हतं?" मग एकेक वायर काढून बघत.

एका दुष्काळाच्या साली कॉम्प्युटर असाच अडला. अधीक्षकांनी झाडणाऱ्या बाईवर ठपका ठेवला. "हिनंच पुसताना कायतरी हलवलं. जा उद्यापासून खडी फोडायला." खडीच्या कामावरूनच ती इथं आली होती.

आमच्या या गृहस्थांनी वाकून मशीनमध्ये राहिलेली फ्लॉपी काढली. सगळं अडलं होतं ते त्या फ्लॉपीमुळंच, आणि आदल्या दिवशी ती अधीक्षकांनीच आत घातली होती. गृहस्थांनी ती अधीक्षकांच्या टेबलावर ठेवली आणि दारात उभ्या बाईकडं वळले.

"मावशी, आत या. बटण तुमी दाबा."

"नगं साहेब. परत बिघडलं तर?"

"मी हाय की."

तिनं पदराला बोट पुसलं आणि बटण दाबलं. थोड्या वेळानं पडद्यावर अक्षरं उमटली.

"उद्या जरा लवकर या," ते तिला म्हणाले. "लई धूळ साचलीय इथं."