सुंद्रा पळत नाही

शनिवार, पंधरा नोव्हेंबर. क्लास सुटला होता. मी बेल्ट टेस्टचे फॉर्म भरत बसले होते. प्रज्ञाच्या फॉर्मवर, ती परीक्षेला तयार आहे म्हणून, सही केली आणि तेवढ्यात तिचे वडील दारात आले.

"मॅडम, प्रज्ञा कुठंय?"

"आज ती आलीच नाही."

"असं कसं? पाचला सायकल घेऊन निघाली की. कराटेचा ड्रेस घालून."

घड्याळात सव्वासहा वाजले होते. बाहेर अंधार पडला होता. मुलगी अकरा वर्षांची. कुटुंब मूळचं मुखेडचं, वडिलांची बदली झाली म्हणून दोन वर्षांपूर्वी नांदेडला आलेलं. ते मैत्रिणींकडे फोन लावायला लागले. मी पेन खाली ठेवलं. ती कुठं गेली असेल ते मला कळलं होतं, कारण ती जागा मीच ठरवली होती.

त्याचं असं झालं होतं. कराटेत पहिला रंगीत बेल्ट पिवळा. तो मिळाला की पोरं गळतात. पुढं तोच काता महिनोन्‌महिने घोटावा लागतो. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची साखळी. पोरांना कंटाळा येतो. आमचे मुख्य प्रशिक्षक लातूरला असतात. ते एकदा म्हणाले, "बाई, पोरं टिकव. न्हाई तर नांदेडची शाखा बंद करू."

मग मी क्लासच्या शेवटी दहा मिनिटं गोष्ट सांगायला लागले. किल्लारीची सुंद्रा नांदेडला शिकायला येते आणि गुंडांना धडा शिकवते. रोज ऐन मोक्याला थांबायचं, बाकीचं उद्या. जागा खऱ्या घ्यायच्या, पोरांच्या ओळखीच्या. पोरं टिकली. ताप असला तरी यायची.

स्वसंरक्षणात पहिला धडा असतो ओरडायचं आणि पळायचं. एकदा मी सुंद्राला पळवलं. पोरं चिडली. "काय मॅडम, सुंद्रा पळती का?" दुसऱ्या दिवशी पाचजण आले नाहीत. त्यानंतर सुंद्रा कधी पळाली नाही.

शुक्रवारचा भाग संपला तो घाटावरच्या जुन्या पंपहाऊसपाशी. गुंडांचा निरोप येतो, सहा वाजता एकटी ये. सुंद्रा निघते. क्लास सुटल्यावर प्रज्ञा मागं राहिली होती.

"मॅडम, सुंद्रानं बाबाला सांगितलं का?"

"नाही गं. सांगितलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती."

आणि मी हसले होते.

"फोन राहू द्या," मी वडिलांना म्हटलं. "घाटावर चला." स्कूटीवर ते मागं बसले. पंपहाऊसपाशी सायकल आडवी पडलेली. खाली पायऱ्या, पायऱ्यांखाली गोदावरी. अगदी पाण्याजवळ काहीतरी पांढरं दिसलं. ते हलत नव्हतं.

मी हाक मारायला तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. वार करताना पोटातून आरोळी देतात, तिला किआई म्हणतात. वीस वर्षं मी ती शिकवते. माझ्या घशातून फक्त वारा आला.

"प्रज्ञाऽ!" वडील ओरडले.

पांढरं हललं. ती शेवटून दुसऱ्या पायरीवर बसली होती, उजवा हात पोटाशी धरून. तिनं आधी माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, मी पळाले न्हाई."

ट्युशनच्या रस्त्यावर दहावीतली पोरं तिची सायकल अडवायची. तिनंच त्यांना इथं बोलावलं होतं. तिघं आले. तिनं पवित्रा घेतला, ते हसले. तिनं लाथ मारली, एकानं ढकललं. ती गडगडत खाली आली आणि पोरं पळाली. दोन पायऱ्या आणखी गेली असती तर पाणी होतं.

मनगट मोडलं होतं. दवाखान्यात प्लास्टर होईपर्यंत वडील तिचा दुसरा हात धरून बसले होते. ते माझ्यावर ओरडतील म्हणून मी वाट बघत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"गोष्ट लई भारी सांगता मॅडम तुम्ही," ते म्हणाले. "रोज जेवताना ती आम्हाला सांगायची. सायकल अडवायचं पण सांगितलं तिनं. मला वाटलं, ते बी सुंद्राचंच हाय."

त्या पोरांच्या घरी आम्ही दोघं नंतर जाऊन आलो. आईबापांसमोर तिघंही रडली.

रविवारी हीच बॅच सकाळी सहाला असते. पोरं आल्या आल्या मॅटवर बसली. "मॅडम, आधी गोष्ट! काल फॉर्ममुळं राहिली. पंपहाऊसचं काय झालं?"

"सुंद्रानं तिघांना बघितलं," मी म्हटलं. "मागं वळली आणि बोंबलत पळाली. चहाच्या टपरीवर जाऊन थांबली. तिथून बापाला फोन केला."

"हॅट! भित्री निघाली सुंद्रा."

"हाव, भ्याली. म्हणून घरी जेवायला पोचली."

दोघं उठून चपला घालायला लागले. मी त्यांना अडवलं नाही. बाकीच्यांना रांगेत उभं केलं आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत किंचाळत पळायला लावलं. मीही पळाले. दुकानदार तोंडात ब्रश घेऊन बाहेर आला आणि त्यानं आम्हाला भरपूर ऐकवलं. आवाज पोचतोय, एवढं कळलं.

मग मी आदल्या दिवशीचे फॉर्म काढले. त्यांवरच्या परीक्षेच्या यादीत काता पहिला असतो. तो खोडून दुसरा केला. पहिल्या ओळीत लिहिलं : ओरडणे, पळणे, घरी सांगणे. सगळ्या फॉर्मवर लिहिलं. प्रज्ञाच्या फॉर्मवरची सही खोडली; ती पहिली ओळ मी तिला शिकवलीच नव्हती.