पिकलेल्या पपईच्या दोन फोडी

लग्न होऊन आटपाडीकडून मलकापूरला आले, तेव्हा परसात रोज वाहणारं पाणी बघून मला नवल वाटायचं. माहेरी माणसांनाच पाणी पुरत नसे, झाडांना कुठलं? न्हाणीमागच्या मोकळ्या जागेत मी पपई लावली. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत बी टाकलं, पाच रोपं आली. मुळाशी पाणी साचलं की पपई कुजते, म्हणून मातीचे उंचवटे करून त्यावर ती लावली. फुलोरा आल्यावर दोन झाडं नर निघाली, ती काढून टाकली. उरलेली तिन्ही फळांनी लगडली.

नवरा सैन्यात, लांब सीमेवर. फोन आला की आधी झाडांची चौकशी करायचा.

पहिली पपई पिवळी पडली तेव्हा मला चौथा महिना होता. दिवस गेलेल्या बाईनं पपई खायची नसते, हे मीही ऐकलं होतं. पण स्वतःच्या हातानं वाढवलेल्या झाडाचं पहिलं फळ होतं. सासूबाई बाजारला गेल्या होत्या. मी दोन फोडी खाल्ल्या.

आठवड्यानं कळा सुरू झाल्या. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी रडत रडत डॉक्टरीणबाईंना फोडींचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पिकलेल्या दोन फोडींनी असं होत नाही. गर्भाची वाढच नीट झाली नव्हती."

सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी फक्त माझं ऐकलं.

"पपई खाल्लीस? व्हय गं?"

घरी आले तर सासऱ्यांनी तिन्ही झाडं कोयत्यानं तोडलेली. कच्ची फळं चिखलात पडली होती, बुंध्यांतून पांढरा चीक गळत होता. नवऱ्याचा फोन आला. म्हणाला, "तुला ठावं न्हवतं का?"

त्याला सुट्टी मिळाली तीन महिन्यांनी. तोवर माझं रडणंही संपलं होतं.

पुढे मुलगी झाली. तिच्या वेळी माझ्या ताटातल्या प्रत्येक घासावर घरातल्यांचा डोळा होता. परवा ती अंगणात खेळत होती आणि आम्ही दोघी सासू-सुना मेथी निवडत बसलो होतो. सासूबाई खाली मान घालूनच बोलल्या, "माझं बी एक गेलं हुतं. तुझ्या नवऱ्याच्या आदी. तिळाची चटणी खाल्ली म्हणून सासू मरस्तवर बोलायची."

माझे हात थांबले. "आत्याबाई, मग त्या दिवशी मला का न्हाई सांगितलंत?"

"काय सांगू? मला बी वाटायचं, चटणीनंच गेलं. आजूनबी वाटतं."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला त्यांची कीव आली. रागही आला, आणि खरं सांगायचं तर रागच जास्त होता. तरी मी उठून गेले नाही. उरलेली जुडी माझ्याकडे ओढली आणि निवडत राहिले.