लुमांतायची घंटा

इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालो आणि अल नहदातल्या एका टॉवरवर सिक्युरिटी सुपरवायझर झालो. मुलं इथल्या शाळेत मित्रांना सांगतात, बाबा अजून बॉर्डरवर आहेत. खोटं नाही. बॉर्डर शारजा-दुबईची आहे, हल्ला फक्त ट्रॅफिकचा होतो.

माझ्या शिफ्टला रोडेल नावाचा गार्ड असायचा. फिलिपिन्सच्या आर्मीत कॉर्पोरल होता. त्याची हिंदी माझ्या इंग्लिशइतकीच पक्की. हजेरी झाली की चहा, आणि चहाबरोबर त्याचं गाव. लुमांताय. कागदोपत्री म्युनिसिपालिटी, खरं तर समुद्रकाठचं खेडं. एक धबधबा, एक झुलता पूल आणि स्पॅनिश लोकांच्या वेळचं दगडी चर्च. चर्चच्या मनोऱ्यावर घंटा. पूर्वी लुटारूंची गलबतं दिसली की ती वाजायची. वादळात होड्या त्या आवाजावर किनारा शोधायच्या. शेवटची होडी लागेपर्यंत वाजवणाऱ्याने खाली उतरायचं नाही. वाजवणारा मेला, की त्याला पुरायच्या दिवशी घंटा मुकी ठेवायची.

"माझ्या आजोबांसाठी ठेवली होती," रोडेल सांगायचा. "सर, तुमच्या गावात बघण्यासारखं काय?"

"एसटी स्टँड."

एका शुक्रवारी दुपारी फायर अलार्मच्या पॅनेलवर नवव्या मजल्याचा लाल दिवा लागला. मला वाटलं, कुणाची तरी फोडणी करपली. मग रेडिओ वाजला.

"कंट्रोल, रोडेल. नाइन्थ फ्लोअर. रिअल फायर. जिन्यात धूर. ओव्हर."

"फायरवाल्यांना कळवलंय. लोकांना उतरव. ओव्हर."

लाइट गेले. मग वरून ठण्, ठण् ऐकू येऊ लागलं. रोडेल जिन्यातल्या पाइपवर टॉर्च आपटत होता. लोक त्या आवाजाच्या रोखाने चाचपडत उतरत होते.

अकराव्या मजल्यावरच्या जोशीकाकूंच्या सुनेने माझा हात धरला. "दादा, आई मागेच होत्या. आल्याच नाहीत."

इतकी वर्षं युनिफॉर्म घातला, पण पाय लॉबीच्या फरशीला चिकटले. तोंडाला ओला टॉवेल बांधताना गाठ सारखी सुटत होती. तरी चढलो. वरचे मजले काळे झाले होते. हात समोर धरला तरी दिसत नव्हता. ठण् ऐकू आलं की एक पायरी चढायचो. तो थांबला असता, तर मी तिथेच बसलो असतो.

नवव्याच्या लँडिंगवर काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. रोडेलचा हात थांबत नव्हता.

"चल खाली. ऑर्डर आहे."

"वर माणसं आहेत, सर. खोकताना ऐकू येतंय. आवाज बंद झाला तर वाट चुकतील."

"यल्ला, चल लवकर, वाद नको."

"तुम्ही माँजींना न्या. लास्ट बोट आली की येतो."

काकूंना पाठीवर घेतलं. "अहो, मी जड आहे," त्या कानाशी म्हणाल्या.

"फौजेत पाठीवरचा पिट्ठू याहून जड असायचा, काकू." थाप होती. गुडघ्यांना कळत होतं.

वाटेत वरची माणसं आम्हाला मागे टाकून गेली. बाळाला छातीशी धरलेली एक बाई, तिच्यामागे दोन मल्याळी पोरं. "पीछे कोई नहीं," त्यांतला एक म्हणाला. मला हायसं वाटलं.

तिसऱ्या मजल्यावर आवाज थांबला. म्हटलं, निघाला.

"रोडेल, रिपोर्ट. ओव्हर."

नुसती खरखर.

"रोडेल. शेवटची होडी लागली. खाली ये. ओव्हर."

फायरवाल्यांनी त्याला आणलं तेव्हा टॉर्च मुठीतच होता. बाकी सगळे वाचले.

त्याला गावी पुरलं त्या दिवशी त्याच्या बायकोचा व्हिडिओ कॉल आला. होड्या समुद्रात गेल्यात, पण फादरनी घंटेची जीभ बांधून ठेवलीय, एवढं म्हणाली आणि फोन मनोऱ्याकडे धरला. दगडी मनोरा, वर आभाळ. माझी मुलगी शेजारी बसली होती.

"बाबा, द साउंड इज नॉट वर्किंग."

"वर्किंग आहे," मी म्हणालो.